वेखंडे डॉक्टरांचे उष्टे पाइप

"बाई, हे तुम्ही घेऊन जा, नाहीतर कुठे टाकू ते सांगा," शालिनीवहिनी म्हणाल्या.

मागच्या पडवीतल्या टेबलावर त्यांनी जुनी साडी अंथरली होती आणि तिच्यावर डॉक्टरांचे सगळे पाइप मांडून ठेवले होते. तंबाखू ओढायचे विलायती पाइप. काही सरळ, काही वाकडे, काहींचं लाकूड गुळगुळीत तांबूस, काहींचं काळं. उन्हाची तिरीप टेबलावर आली होती, तिच्यात ते नवे असल्यासारखे चमकत होते. वहिनींनी त्यांतल्या एकालाही बोट लावलं नव्हतं. फडक्यात धरून एकेक आणून ठेवला होता.

"हे होते तोवर कधी शिवले नाही," त्या म्हणाल्या. "आता शिवावं म्हटलं तर हातच पुढे होत नाही."

मी म्हटलं, राहू द्या अजून थोडे दिवस. त्यांनाही बहुधा तेवढंच ऐकायचं होतं. चहा घेऊन मी घरी आले. त्या दिवसापासून डॉक्टरांविषयी लिहावंसं वाटत होतं, पण सुरुवात होत नव्हती. गेलेल्या माणसाविषयी लिहायचं तर तो चांगला होता असं लिहावं लागतं. वेखंडे डॉक्टर चांगले होतेच, पण हा शब्द त्यांच्या अंगावर उसना घेतलेल्या कोटासारखा दिसतो.

मी शहापूरच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. वाचनालय वरच्या मजल्यावर आणि खाली डॉ. भास्कर वेखंडे यांचा दातांचा दवाखाना. जिना एकच. त्यामुळे आमच्या वाचकांना पुस्तकाबरोबर खालून येणाऱ्या किंकाळ्याही मिळत. "दुखणार नाही" असं खोटं आश्वासन डॉक्टरांनी कुणाला दिल्याचं मला आठवत नाही. ते म्हणत, "दुखेल. ओरडा. बाहेर बसलेल्यांना कळू दे, तंबाखू काय करते ते."

तंबाखूचा त्यांना मनस्वी राग होता. खर्डीकडून, किन्हवलीकडून, पार भातसानगरच्या वसाहतीतून लोक येत. आलेल्या माणसाच्या दाढेकडे पाहण्याआधी डॉक्टर त्याच्या खिशाकडे पाहत. तंबाखूची पुडी दिसली की ती स्वतः काढून टेबलावर ठेवत. मशेरी लावणाऱ्या बायांना तर ते सरळ परत पाठवत.

"डबी घरी ठेवून या. मग दात बघतो."

"डबी नाय आनली ओ डॉक्टर, शप्पत."

"मग हे बोट काळं कशानं झालं? चुलीत घातलं होतं?"

बाई पदर तोंडाला लावून हसायची. डॉक्टर हसत नसत. पुढच्या वेळी मात्र तिचं बोट स्वच्छ असे, निदान दवाखान्यात येण्यापुरतं.

अशा माणसाने निवृत्त झाल्यावर पाइप गोळा करायला घेतले, तेव्हा शहापूरला किती आनंद झाला असेल याची कल्पना करा. मानेचं दुखणं वाढलं म्हणून त्यांनी दवाखाना बंद केला. गळ्याला पट्टा बांधून काही महिने नुसते पडवीत बसून राहिले. मग एक दिवस पोस्टमन पार्सल घेऊन आला. त्यानंतर दुसरं आलं, तिसरं आलं. तिसऱ्या पार्सलाच्या वेळी पोस्टमनने रस्त्यावरूनच हाक मारली, "डॉक्टर, आली ओ तुमची चिलीम!" संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत सगळ्यांना माहीत झालं. भाजीवाल्याने विचारलं, "काय डॉक्टर, आमाला सोडाया लावली आन् तुमी आता सुरू केली?" डॉक्टरांनी त्याला तोंड उघडायला सांगितलं आणि तिथेच, वांग्याच्या पाट्यांमध्ये उभं राहून, त्याच्या कुठल्या दाढेचं काय होणार आहे ते सांगितलं. त्यानंतर भाजीवाल्याने विषय काढला नाही.

स्वतः ते कधीच ओढत नव्हते. इंटरनेटवर एक लिलावाची जागा होती, तिथे परदेशातले लोक घरातलं जुनंपानं सामान विकायला ठेवत. डॉक्टर तिथून वापरलेले, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेले, काजळीने भरलेले पाइप बोली लावून घेत आणि ते पुन्हा नीट करत. एवढंच. नीट झाले की कपाटात ठेवून देत. वर्णन इंग्रजीत असे, ते वाचून दाखवायला मला बोलावत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं असं नाही. पण विकणाऱ्याने काय लिहिलं आहे यापेक्षा काय लिहायचं टाळलं आहे ते ओळखायला, त्यांच्या मते, पुस्तकं वाचणारा माणूस लागे.

"थोडा वापरलेला, असं लिहिलंय," मी म्हणे.

"थोडा म्हणजे?"

"म्हणजे पुष्कळ."

"मग घेऊ या," डॉक्टर म्हणत.

पहिल्या पाइपची त्यांनी वाट लावली, हे इथे सांगितलं पाहिजे, कारण ते स्वतःही सांगत. पाइप आला तेव्हा त्याला जुन्या धुराचा असा वास होता की वहिनींनी तो उंबऱ्याबाहेरच थांबवला. डॉक्टरांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. दवाखान्यातलं निर्जंतुक करायचं यंत्र घरी आणून ठेवलेलं होतं. त्यात त्यांनी पाइप ठेवला, झाकण लावलं आणि चिमटे, आरसे ठेवावेत तसा वाफेवर उकळला. झाकण उघडलं तेव्हा तंबाखू भरायचं लाकडाचं भांडं उभं तडकलं होतं आणि त्याची काळी रबरी नळी, जी सुंदर वाकडी होती, ती सरळ होऊन शेवाळ्याच्या रंगाची झाली होती. डॉक्टर कितीतरी वेळ त्या नळीकडे पाहत राहिले.

"जंतू तरी मेले का?" वहिनींनी आतून विचारलं.

"सगळे मेले," डॉक्टर म्हणाले. "पेशंटसकट."

मग ते शिकले. तासनतास व्हिडिओ बघत, मला दाखवत. भांड्याच्या आतला काजळीचा कडक थर थोडा थोडा खरवडायचा, सगळा नाही. मग भांड्यात जाडं मीठ भरायचं, वर स्पिरिट ओतायचं आणि तसंच ठेवून द्यायचं. जुना डांबरासारखा रस मिठात उतरतो आणि मीठ चहाच्या रंगाचं होतं. नळीवरचा हिरवट थर बारीक कागदाने घासून काढायचा, शेवटी मेण. दात घासायचं रबरी चाक, दातांच्या फटीत घालायची हत्यारं, कापसाच्या वळ्या, सगळं त्यांच्याकडे होतंच. मानेचा पट्टा लावून, टेबल छातीपर्यंत उंच करून ते बसत. पेशंटशी बोलावं तसं पाइपशी बोलत नसत. पेशंटशीसुद्धा फारसं बोलत नसतच.

वहिनींचा आक्षेप वासाला नव्हता, मिठालाही नव्हता, जरी मिठाचे डबे रिकामे होत होते. आक्षेप उष्ट्याला होता. "कुणा परक्याच्या तोंडातली वस्तू. तीही मेलेल्या माणसाच्या. आणि हे ती घरात आणून, वर स्वतःची थुंकी लावून पुसतात." यातलं शेवटचं अगदी खरं होतं. भांड्याच्या कडेवर बसलेला काळा थर थुंकीने उत्तम निघतो, असं डॉक्टरांना कुठल्याशा व्हिडिओत सापडलं होतं. त्यांनी ते करून पाहिलं आणि वहिनींनी ते पाहिलं. त्या दिवसापासून पाइपसाठी पडवी नेमून दिली गेली. वेगळी बादली, वेगळं फडकं, वेगळी वाटी. पाइपला हात लावलेला असताना स्वयंपाकघरात यायचं नाही. पाणीसुद्धा त्या वरून ओतत, डॉक्टर ओंजळ धरून पीत.

"तुम्ही इतकी वर्षं लोकांच्या तोंडात हात घालत होतात," मी एकदा म्हटलं, "तेव्हा वहिनी काही म्हणत नव्हत्या?"

"ते दुकान होतं," वहिनी आतून म्हणाल्या. "हे घर आहे."

एक गोष्ट मात्र डॉक्टर अशी करत की ती पाहायला मी मुद्दाम थांबे. नवा पाइप आला की ते आधी नळीच्या टोकावरच्या दातांच्या खुणा बघत. भिंग लावून, खिडकीकडे तोंड करून. "हा उजव्या बाजूने धरायचा. वरचा सुळा जरा पुढे. रागीट असावा, बघा किती खोल चावलंय." किंवा, "याला शेवटी कवळी बसवली होती. इथून पुढे खुणा एकदम सपाट झाल्यात." ज्याचं नावगाव कळणं शक्य नव्हतं त्या माणसाचा जबडा ते असा उभा करत. मग मेणबत्तीच्या ज्योतीवर नळी हलकेच फिरवत, रबर फुगून खुणा वर येत. उरलेल्या खळग्यात काळी भर घालत आणि घासून गुळगुळीत करत. शेवटी तो जबडा पुसला जाई. मला ते थोडं निर्दय वाटे. तसं बोलून दाखवलं तर ते म्हणाले, "दुसऱ्याला द्यायचा तर उष्टा कसा द्यायचा?"

"पण तुम्ही कुणाला देतच नाही," मी म्हटलं.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग मोबाइल काढून एक फोटो दाखवला. जुन्या छापील फोटोचा काढलेला फोटो होता तो. दवाखान्याची भिंत, भिंतीवर मोठा फलक, फलकासमोर हारतुरे घेतलेले डॉक्टर आणि शाळेची मुलं. तो फलक मला चांगला आठवत होता. त्यावर लाल अक्षरांत 'तंबाखूने काय नेले' असं लिहिलेलं होतं. खाली सडलेल्या तोंडांची चित्रं होती आणि गुटख्याच्या पुड्या, मशेरीच्या डब्या, विड्यांची बंडलं तारेने बांधून टांगलेली होती. सगळ्यांच्या मधोमध एक पाइप होता. वाकडा, झाडाच्या सालीसारख्या खरबरीत भांड्याचा, नळीच्या मुळाशी रुपेरी कडं असलेला.

"बांगर सरांचा," डॉक्टर म्हणाले.

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत पाइप ओढणारा एकच माणूस होता, मुरबाडकडचे बांगर सर. हायस्कूलमध्ये गणित शिकवत. मेव्हणा बोटीवर होता, त्याने तो पाइप आणून दिला होता. सर शाळेत ओढत नसत; संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून एकदाच पेटवत आणि रस्त्याने जाणारे लोक त्या वासाने ओळखत की सर घरी आहेत. दातांसाठी ते एवढ्या लांबून वेखंडे डॉक्टरांकडेच येत. दोघांचं जमत असे. दात बघून झाला की सर वर वाचनालयात येत, डॉक्टरही हात पुसत मागोमाग येत आणि दोघं खिडकीशी बसून भाताच्या जातींवर वाद घालत.

एकदा डॉक्टरांना सरांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. ते घाबरले, आणि घाबरले की ते ओरडत. बाहेर बाकावर माणसं बसली होती, त्यांत सरांचे विद्यार्थीही होते. "हे असंच चालू ठेवलंत तर पुढच्या वर्षी मी तुमचा जबडा बघणार नाही, तुमचा फोटो बघेन!" डॉक्टरांचं हे वाक्य मी वरच्या मजल्यावर ऐकलं होतं. सरांनी खिशातून पाइप काढून हत्यारांच्या ताटलीत ठेवला आणि म्हणाले, "हा तुमच्याकडेच राहू द्या." मुंबईला तपासणी झाली, त्यात वाईट काही निघालं नाही. चट्टा पुढे आपोआप गेला. पाइप त्यांनी पुन्हा धरला नाही.

आणि डॉक्टरांनी तो फलकावर टांगला.

"मला वाटायचं, मी सरांचा सत्कारच करतोय," ते मला म्हणाले. "एवढा शिकलेला माणूस, एका शब्दावर त्याने सोडलं. हे लोकांना दाखवायला नको? मी प्रत्येक पेशंटला सांगायचो, हा बघा बांगर सरांचा पाइप."

सरांचं येणं थांबलं ते त्यांच्या लक्षातच आलं नाही. दात चांगले असतील, असं ते धरून चालले. दवाखाना बंद केल्यानंतर किन्हवलीला एका लग्नात दोघं समोरासमोर आले. डॉक्टर हसून पुढे झाले, तर सरांनी तोंडावर हात धरला आणि जेवायला दुसऱ्या पंगतीत जाऊन बसले. घरी येऊन डॉक्टरांनी वहिनींना विचारलं, याला काय म्हणायचं?

वहिनी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही त्यांचं उष्टं भिंतीवर टांगलंत. माणसाच्या तोंडातली वस्तू अशी चारचौघांत टांगतात होय? मी होते म्हणून तेव्हा बोलले, तुम्ही ऐकलं नाहीत."

डॉक्टर उठून तसेच दवाखान्याच्या जागेत गेले. फलक नव्हता. जागा रिकामी करताना खुर्चीचे तुटके भाग, जुने पत्रे, सगळं भंगारवाल्याने नेलं होतं, त्यात तोही गेला होता. भंगारवाल्याने विचार करून सांगितलं, "लाकडाचा व्हता ना त्यो? लाकूड आमी ठेवत नाय, डॉक्टर."

तेव्हापासून ते तसाच पाइप शोधत होते. कपाटातले बाकीचे सगळे सरावासाठी होते, किंवा फोटोत सारखे दिसले आणि हातात आल्यावर वेगळे निघाले म्हणून उरलेले होते. सरांना काय सांगणार, असं मी विचारलं. "सांगायचं काय? वस्तू त्यांची, ती त्यांना नेऊन द्यायची," ते म्हणाले. "ओढू नका म्हणून मी तेव्हाही सांगितलं, आताही सांगेन. पण खिशात तरी राहील. माणसाची वस्तू माणसाच्या खिशात हवी."

तसा पाइप अखेर सापडला. सालीसारखं भांडं, रुपेरी कडं, तोच वाक. लिलाव सकाळी संपायचा होता. त्या सकाळी शहापुरात वीज गेली, मागोमाग मोबाइलची रेंजही. वाचनालय उघडायला अजून वेळ होता. मी जिन्याशी पोचले तर डॉक्टर पायजमा-बनियनमध्ये, गळ्याला पट्टा लावून, मोबाइल आकाशाकडे धरून उभे. "गच्ची उघडा बाई, गच्ची!" आम्ही गच्चीत गेलो. एका कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीवर चढलं की रेंज येत होती. डॉक्टरांना मान वर करता येत नव्हती, म्हणून टाकीवर मी चढले आणि खालून ते ओरडत राहिले, "वाढवा! अजून वाढवा! कोण आहे तो समोरचा? वाढवा!" समोरच्या इमारतीतले लोक गॅलरीत आले. लिलाव संपला आणि पडद्यावर अभिनंदन आलं, तेव्हा मी ते वाचून दाखवलं. डॉक्टर गच्चीच्या कठड्यावर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

तो पाइप पावसाळ्यात आला. त्याची अवस्था इतर कुठल्याही पाइपपेक्षा वाईट होती. भांडं काजळीने इतकं भरलं होतं की करंगळी आत जात नव्हती. नळी चावून चावून चपटी झालेली. डॉक्टरांनी त्या अनोळखी माणसाच्या जबड्याविषयी या वेळी काही सांगितलं नाही. सरळ कामाला लागले.

आणि मग ते काम संपेना. श्रावणात मला तो पूर्ण झालेला दिसला. डॉक्टर म्हणाले, कडं अजून काळपट आहे. गणपतीत कडं लख्ख झालं, तर नळीच्या टोकाशी एक ओरखडा आहे म्हणाले. मी भिंगातून पाहिला, मला दिसला नाही. त्यांनी भर घातली, पुन्हा घासली. ती जास्त घासली गेली म्हणून पुन्हा भरली. पितृपक्ष लागला, तेव्हा अशा दिवसांत कुणाकडे वस्तू घेऊन जात नाहीत हे कारण त्यांना आयतंच मिळालं.

एक दिवस वहिनी पडवीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "पाइप कधीचाच झालाय," त्या म्हणाल्या. "तुमचीच तयारी व्हायची राहिलीय. दुसऱ्याची दाढ उपटताना एवढा वेळ लावत नव्हतात."

डॉक्टर घासत राहिले. पण नवरात्र सुरू झाल्यावर एका सकाळी त्यांनी मला निरोप पाठवला, की मुरबाडची एस.टी. पकडायची आहे, तुम्ही बरोबर या. वहिनीही निघाल्या. "मी नाही आले तर हे फाटकातून परत येतील," त्या मला हळूच म्हणाल्या.

एस.टी.त डॉक्टरांनी पाइपची डबी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. पट्ट्यामुळे त्यांना खिडकीबाहेर बघायला अख्खं अंग वळवावं लागे. दोन्ही बाजूंना भात निसवला होता. सरळगावच्या पुढे त्यांनी एकदा अंग वळवून पाहिलं आणि म्हणाले, "सर म्हणायचे, या भागात कोलम भात होणार नाही. झालाय की." मग पुन्हा समोर बघत बसले.

बांगर सर अंगणातच बसले होते. फार वाळले होते. सुनेने ओळख सांगायच्या आधीच त्यांनी आम्हाला ओळखलं. "या, डॉक्टर. वहिनी, या. वाचनालयाच्या बाई ना?" बोलताना त्यांचे शब्द कडेने विरत होते. त्याचं कारण मला उशिरा कळलं. डॉक्टरांना पहिल्याच शब्दाला कळलं असावं, कारण ते खुर्चीत बसता बसता मधेच थांबले.

चहा झाला. डॉक्टरांनी डबी पुढे केली. सरांनी झाकण काढलं, पाइप उचलला, भांड्यावरून अंगठा फिरवला, कडं उन्हात धरून पाहिलं.

"छान केलाय," ते म्हणाले. "माझा इतका छान कधीच नव्हता."

"तुमचा नाही हा, सर. तुमचा माझ्याकडून भंगारात गेला."

"मी तसंच धरलं होतं."

"तो फलक मी लावायला नको होता."

अंगणातली कोंबडी सरांच्या पायाजवळून गेली, तिला त्यांनी पायानेच बाजूला केलं. मग म्हणाले, "तुम्ही सांगितलंत ते चूक नव्हतं, डॉक्टर. तुमच्यामुळे मी जगलो असेन. पण शहापूरला दात दाखवून आलेली पोरं वर्गात माझ्या तोंडाकडे बघायची. मी फळ्याकडे वळलो की मागे कुणीतरी पाइप ओढायची नक्कल करायचं. तोवर मला कधी कुणी हसलं नव्हतं."

डॉक्टरांनी मान हलवायचा प्रयत्न केला. पट्टा असल्यामुळे ते नीट जमलं नाही.

"असू दे," सर म्हणाले. "जुनी गोष्ट आहे." आणि वातावरण हलकं करावं म्हणून असेल, त्यांनी पाइप उचलून तोंडात धरला. तो राहिला नाही. ओठांतून निसटला, तो त्यांनी हातातच झेलला आणि हसले. तेव्हा आम्हाला दिसलं. वरही नाही, खालीही नाही. एकही दात उरला नव्हता.

"धरणार कशाने?" सर म्हणाले.

"दात कधी गेले?" डॉक्टरांनी विचारलं.

"गेले एकेक करून. आधी दुखायचे, मग हलायचे."

"दाखवले नाहीत कुणाला?"

"दातांचे डॉक्टर मला एकच माहीत होते," सर म्हणाले. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच.

वहिनींनी रिकामा कप उगाच उचलला आणि पुन्हा बशीत ठेवला. मग डॉक्टर उठले. सुनेकडे पाणी मागून त्यांनी अंगणाच्या कडेला हात धुतले, कोपरापर्यंत, सावकाश. खिशातून मोबाइल काढून त्याचा दिवा लावला.

"सर, खुर्ची जरा उजेडात घ्या," ते म्हणाले. "आ करा."

त्यानंतर डॉक्टर फार दिवस राहिले नाहीत. सरांना कवळी करून द्यायची असं त्यांनी त्या अंगणातच ठरवलं होतं. परत आल्यावर माप घ्यायचे जुने साचे शोधून काढले, धुतले, पडवीत उन्हात ठेवले. दिवाळीच्या आधी झोपेतच गेले. माप घ्यायला पुन्हा जायचं होतं, ते राहिलं.

मला ते आठवतात ते त्या अंगणातले. एस.टी.ची वेळ झाली म्हणून मी फाटकापाशी जाऊन उभी होते, वहिनी माझ्याशेजारी. मागे वळून पाहिलं. मान वाकत नव्हती म्हणून डॉक्टर सरांच्या खुर्चीपुढे मातीत गुडघे टेकून बसले होते आणि त्या रिकाम्या तोंडात पाहत होते. पाहण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं. तरी ते उजव्या बाजूने सुरुवात करून डावीकडे जात होते, एकेका जागेपाशी थांबत, बोटाने चाचपत. सरांनी पाइप मांडीवर आडवा धरला होता. तोंड उघडं असल्यामुळे त्यांना काही बोलता येत नव्हतं.

एस.टी. वळणावर दिसली. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर वहिनींनी माझा दंड धरला.

"जाऊ दे ती," त्या म्हणाल्या. "दुसरी येईल."